सहा पायांची गोटमार

टीव्हीवर दोन वारुळांचं युद्ध लागलं की आमच्या सौंसरातली माणसं ताट उचलून समोर येऊन बसतात. सिंह आणि हरणाच्या पाठलागात आता कुणाला गोडी राहिलेली नाही. तिथे पुढे काय होणार हे प्रेक्षकाला माहीत असतं, सिंहाला माहीत असतं, हरणालाही अंदाज असतो. मुंग्यांच्या लढाईत तसं नाही. दोन्हीकडे हजारोंचं सैन्य, दोन्हीकडे गणवेश एकच, कोण कुणाला चावतंय याचा पत्ता नाही, आणि वरून तो हिंदीत डब केलेला धीरगंभीर आवाज : "लेकिन दुश्मन को इस ख़तरे की भनक तक नहीं है." एवढं ऐकलं की घरातलं पोरगंही मोबाइल खाली ठेवतं.

या आवाजाचं मला फार कौतुक आहे. मुंगीच्या मनात काय चाललंय हे मुंगीला ठाऊक नसेल, याला ठाऊक असतं. राणी चिंतेत आहे, सेनापती सावध आहे, टेहळणीवरचा शिपाई घराच्या ओढीने व्याकूळ आहे. वास्तविक वारुळात सेनापती नसतो, हुकूम सोडणारं कुणीच नसतं, आणि राणी बिचारी अंधारात बसून अंडी घालण्यापलीकडे राज्यकारभारात लक्ष घालत नाही. पण हे खरं सांगितलं तर जाहिराती संपेपर्यंत माणूस बसेल कशाला? आवाजांचीही तीच गत. पडद्यावर मुंगी चालली की खुडखुड ऐकू येते, जबडा मिटला की कडाड वाजतं. इतक्या बारीक जिवाचा असा दणदणीत आवाज रानात माइक धरून मिळत नाही. तो बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत तयार करून चिकटवतात. म्हणजे तिकडे एक माणूस बंद खोलीत पगार घेऊन काड्या मोडत असतो, आणि इकडे आमची काकू "अगं बाई, तंगडीच मोडली न तिची" म्हणत हातातला घास खाली ठेवते.

लांबून युद्ध पाहायची तालीम सौंसरच्या माणसाला लहानपणापासून असते. आमच्याकडे स्वतःचं युद्ध नाही. संत्र्याच्या बागा आहेत, जामसावळीचा आडवा पहुडलेला मारुती आहे, नागपूर-छिंदवाडा रस्ता आहे. युद्ध मात्र पांढुर्ण्याला. 2023 साली छिंदवाडा जिल्हा फोडून नवा जिल्हा केला, तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर एका दावणीला बांधले गेले आणि जिल्ह्याचं नाव ठरलं पांढुर्णा. चहाच्या टपरीवर आमच्या लोकांनी यावर आठवडाभर तोंडसुख घेतलं. शेवटी एका म्हाताऱ्याने निकाल दिला : "राजेहो, त्याइच्या हातात गोटे हायेत, आपल्या हातात संत्री. नाव त्याइचंच राहीन."

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि जाम नदीच्या पलीकडचं सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. याला गोटमार म्हणतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्याला झेंडा बांधलेला असतो. झाड आणायचं, रोवायचं आणि राखायचं काम सावरगावचं. पांढुर्ण्याच्या पोरांनी कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरायचं आणि गोट्यांच्या माऱ्यात ते तोडायचं. तुटलं तर पांढुर्णा जिंकलं. नाही तुटलं तर संध्याकाळी दोन्हीकडची जाणती मंडळी समजुतीने खेळ थांबवतात. मग झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, आणि "चंडीमाता की जय" म्हणायला दोन्ही काठांचे गळे एक होतात.

हे सुरू कसं झालं, याची एक गोष्ट सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाले, आणि नदीच्या मधोमध सावरगावकरांनी त्यांना पाहिलं. तिकडून दगड आले. मुलाच्या मदतीला इकडून दगड गेले. दोघंही मधल्यामध्ये गेली. दुसरी गोष्ट भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची आहे. दोन्ही गोष्टींचा लेखी पुरावा कुणी समोर ठेवत नाही. दगड मात्र वाट्टेल तेवढे ठेवतात.

त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. मारबतीला लोक विनवतात की बाई, रोगराई घेऊन जा, ढेकूण-मच्छर घेऊन जा. म्हणजे शंभरेक किलोमीटरच्या टापूत एक शहर किड्यांना हाकलून देत असतं आणि दुसरं त्यांच्याशी बरोबरी करायला नदीत उतरलेलं असतं.

आता त्या टीव्हीवरच्या आवाजाला उचलून पांढुर्ण्याच्या एखाद्या गच्चीवर आणून बसवावा, असं मला फार दिवस वाटतं. सुरुवात तो झोकात करील. पावसाळा उतरणीला लागला आहे. बैलांचा सण काल झाला, शिंगांचा रंग अजून ओला आहे. पहाटेच नदीत झाड रोवलं गेलं आहे, पूजा झाली आहे. दोन्ही काठांवर गोट्यांचे ढीग तयार आहेत. ढोल वाजू लागले आहेत. नदीकाठच्या घरांनी खिडक्यांना पत्रे लावून घेतले आहेत आणि गच्च्यांवर प्रेक्षक दाटले आहेत. इथपर्यंत त्याला काही अडचण नाही. वारुळ गेलं आणि गाव आलं, एवढाच फरक.

मग त्याला तिसरी प्रजाती दिसेल, ती म्हणजे प्रशासन. ही प्रजाती वर्षातून एकदा या नदीकाठी मुक्कामाला येते. कलेक्टर येतात, एसपी येतात, पोलिसांच्या गाड्या येतात. आधी कलम 144 लागायचं, आता नव्या संहितेतलं 163 लागतं. गोफणीवर बंदी असते, दारूची दुकानं बंद असतात, कॅमेरे लावतात, वर ड्रोन घिरट्या घालतो. जमावबंदीच्या हुकमाचा कागद चिकटवलेला असतो, आणि त्या कागदासमोर उभं राहून हजारोंचा जमाव गोटमार पाहतो. वारुळात अशी सोय नाही. तिथे लढायला मनाई करणारी आणि लढणाऱ्यांसाठी रुग्णवाहिका उभी करणारी मुंगी एकच असते, असं अजून कुणाला आढळलेलं नाही.

पण यानंतर तो आवाज अडखळेल. प्रत्येक युद्धात त्याला एक वाक्य म्हणावंच लागतं : ये लड़ाई है... कशासाठी? पाण्यासाठी, जमिनीसाठी, अन्नासाठी. इथे तो काय म्हणणार?

कारण मुंगी फुकट लढत नाही. आफ्रिकेतली माताबेले मुंगी रांग धरून वाळवीच्या घरावर चालून जाते ती सरळ वाळवी खायला. दुसऱ्याच्या वारुळातले कोष पळवून आणणाऱ्या मुंग्या आहेत. कोषातून बाहेर आलेली मुंगी हेच आपलं घर समजून मरेपर्यंत मालकिणींची धुणीभांडी करते. झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या झाडांसाठी लढतात. शिवणकाम त्या आपल्या अळ्यांकडून करून घेतात. अळी तोंडात धरायची, तिच्या तोंडून निघणाऱ्या रेशमाने पानाला पान जोडायचं. बालमजुरीचा कायदा त्या झाडापर्यंत पोचलेला नाही. अशा एका वसाहतीत पाच लाखांपर्यंत मुंग्या आणि डझनभराहून जास्त झाडं असू शकतात. म्हणजे भांडायला त्यांच्याकडे मालमत्ता आहे, हद्द आहे, आणि तलाठी नाही.

गोटमारीत यातलं काहीच नाही. जिंकून पांढुर्ण्याची हद्द वीतभर पुढे सरकत नाही. हरून सावरगावचं शेत जात नाही. तोडलेल्या पळसाचं कुणी कपाट करत नाही. नदीतलं पाणी दोघांचं होतं, दोघांचंच राहतं. वर्षभराच्या तयारीचा आणि दिवसभराच्या रक्ताचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला एक झेंडा येतो, आणि तोही दोघांच्या देवीला वाहून टाकलेला. एखाद्या मुंगीला हा ताळेबंद दाखवला तर ती मिशा हलवत निघून जाईल.

दगडाचं हत्यार मात्र आपलंच, असा कुणा पांढुर्णेकराचा समज असेल, तर त्याच्यासाठी वाईट बातमी आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात एक बारकी मुंगी राहते. तिच्या शेजारी मधमुंग्या राहतात. त्यांच्यातल्या काही जणी पोटात गोड रस साठवून द्राक्षाएवढ्या टम्म होतात आणि बिळाच्या छताला लटकून राहतात. दुष्काळात बाकीच्या जणी त्यांच्याकडून घोट घोट मागून घेतात. दोन्ही शेजारणींचं खाणं एकाच रानातलं. मग ही बारकी काय करते? टोळी करून मधमुंग्यांच्या बिळाच्या तोंडाशी जाते, कडं करून उभी राहते, आजूबाजूचे खडे जबड्यात उचलते आणि एकेक करून आत टाकते. वरून खडे पडू लागले की आतल्या बाहेर यायचं थांबतात. तेवढ्या वेळात रान मोकळं. म्योग्लिश आणि आल्पर्ट या दोन संशोधकांनी 1979 साली ही दगडफेक लिहून प्रसिद्ध केली. म्हणजे विज्ञानाच्या दप्तरात मुंग्यांची गोटमार रीतसर दाखल आहे. फरक एवढाच की तिथे कुणाचं डोकं फोडायचा हेतूच नसतो. शेजारीण दुपारी घरात बसली पाहिजे, बस्स.

त्या मधमुंग्यांच्या आपसातल्या लढाया तर आणखी शहाण्या. बर्ट होल्डॉबलर यांनी 1976 साली त्यांचं वर्णन केलं. दोन वसाहतींच्या शेकडो मुंग्या मैदानात समोरासमोर येतात. एकमेकींना चावत नाहीत. पाय ताठ करून उंच होतात, पोट फुगवून वर उचलतात, एकमेकींभोवती गोल फिरतात, मिशांनी चाचपतात, आणि पुढच्या जोडीदारणीकडे जातात. एखादी चलाख मुंगी खड्यावर चढून उभी राहते, म्हणजे आहे त्यापेक्षा उंच दिसावी. असं दिवसच्या दिवस चालतं. त्यातून दोन्ही बाजूंना अंदाज येतो की समोर किती जणी आहेत आणि केवढ्या आहेत. बरोबरी असली तर प्रकरण तिथेच मिटतं. एक बाजू फारच दुबळी निघाली तर मात्र दया नाही. राणी मारली जाते आणि पिल्लांसकट मधाची कोठारं उचलून नेतात. पण आधी मोजणी, मग मारामारी, हा क्रम पक्का. आमच्याकडे खड्यावर चढून छाती फुगवणं फक्त निवडणुकीत चालतं. गोटमारीत खडा पायाखाली ठेवत नाहीत.

मुंग्यांच्या या सगळ्या कारभाराला आधार आहे तो वासाचा. प्रत्येक वसाहतीचा अंगाचा वास वेगळा. समोर कुणी आलं की मिशा लावायच्या, वास घ्यायचा आणि क्षणात ठरवायचं की ही आपली की परकी. आपली असेल तर तोंडातला घास द्यायचा, परकी असेल तर तंगडी धरायची. अर्जेंटिनाच्या मुंग्या जहाजांतून युरोपात गेल्या आणि तिथे त्यांची एवढी मोठी वसाहत झाली की इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे 6000 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या मुंग्या एकमेकींना घरच्या समजतात. 2002 साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. 6000 किलोमीटर, आणि भांडण नाही! आमच्याकडे एवढ्या अंतरात किमान चारशे सोसायट्यांच्या वार्षिक सभा झाल्या असत्या.

आता याच कसोटीला पांढुर्णा आणि सावरगाव लावून पाहा. बाजार एक, बसस्टँड एक, रेल्वे स्टेशन एक, बोली एक, भाजीतलं तिखटही एकच. मिशा लावून कितीही हुंगलं तरी कोणती मुंगी कोणत्या काठची हे कळायचं नाही. माझी एक आत्या पांढुर्ण्याची लेक आणि सावरगावची सून. गोटमारीच्या दिवशी तिच्या घरी जेवायला दोन्हीकडचे असतात. सकाळी तिचा मुलगा झाड राखायला जातो आणि तिचा भाचा झाड तोडायला येतो. आदल्या दिवशीच्या उरलेल्या पुरणाच्या पोळ्या दोघांनाही एकाच ताटात वाढलेल्या असतात. मी तिला विचारलं, "आत्या, तू कोनाकडून?"

"सकाळी सासरकडून," ती पोळीवर तूप सोडत म्हणाली, "अन् दुपारनंतर ज्याचं डोकं फुटलं त्याच्याकडून."

भाचा हात धुऊन निघाला तेव्हा तिने उंबऱ्यातून हाक मारली : "जाय बाप्पा, पण आमचा बंटी पुढं असला तं जरा बाजूले फेकजो." तोही मान हलवून गेला. शत्रूच्या गोटातून शत्रूला जेवू घालून, नेम कुठे धरू नये हे सांगून पाठवायचं, असलं युद्धशास्त्र मुंग्यांना लक्षावधी वर्षांत सुचलेलं नाही. संध्याकाळी दोघंही आले. बंटीच्या कपाळाला पट्टी होती. कुणाचा गोटा लागला यावर चर्चा झाली, आणि सर्वानुमते असं ठरलं की तो तिसऱ्याच कुणाचा होता.

जखमींच्या बाबतीत मात्र मुंगीने आपल्याला मागे टाकलं आहे. आयव्हरी कोस्टमध्ये एरिक फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माताबेले मुंग्यांचा अभ्यास केला. 2017 साली त्यांनी दाखवलं की वाळवीशी लढून परतताना या मुंग्या आपल्या जखमी सोबतिणींना उचलून घरी आणतात. घरी जखमा चाटून साफ होतात. ही सेवा मिळाली नाही तर पाय तुटलेल्या मुंग्यांपैकी 80 टक्के दिवसभरात मरतात. मिळाली तर मरणाऱ्या 10 टक्क्यांवर येतात. 2023 साली पुढचं कळलं : जखम चिघळलेली आहे की नाही हे त्या ओळखतात आणि चिघळलेलीला स्वतःच्या अंगातल्या ग्रंथीतलं जंतुनाशक लावतात. यात एक बारकी गंमतही आहे. थोडं लागलेली मुंगी सोबतिणी जवळ आल्या की जास्त हळू चालते, म्हणजे त्यांच्या नजरेत भरावं. आणि जिचे पाच पाय गेलेत ती उचलायला आलेल्यांना धड हाताळूच देत नाही. तिला तिथेच सोडून बाकीच्या निघतात.

आमच्याकडे याच्या बरोबर उलट. नदीकाठच्या कॅम्पात डॉक्टर टाके घालत असतात. देवळातली भभूत लावली की जखम भरते, असं मानणारेही पुष्कळ; दोन्ही लावून घेणारे सगळ्यांत जास्त. पण थोडं लागलेला माणूस आमच्याकडे जास्त ताठ चालतो, कारण वर गच्चीवर ओळखीचे चेहरे असतात. आणि जास्त लागलेला पट्टी बांधून घेऊन परत नदीत उतरतो. लंगडून कीव मिळवायची अक्कल मुंगीला आली, आम्हाला नाही.

इथे हसणं थोडं थांबवायला हवं. दर वर्षी जखमींचा आकडा शेकड्यांत जातो. कुणाचा डोळा गेला आहे, कुणाचा हात कायमचा वाकडा झाला आहे, आणि जीवही गेले आहेत. त्या घरांमध्ये पोळा येतो तेव्हा बैल सजवायलाही हात उचलत नाही. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि गोटे परत आले. बंदीची भाषा झाली की परंपरेची भाषा होते, परंपरेची भाषा झाली की देवीचं नाव येतं, आणि देवीचं नाव आलं की फायलीवर कुणी सही करत नाही. मला या सगळ्यात देवीबद्दलच वाईट वाटतं. तिला झेंडा हवा असेलही. तो आणायला एवढी माणसं फोडून घ्या, असं तिने कधी सांगितल्याचं दोन्हीपैकी कुठल्याच आख्यायिकेत नाही.

म्हणून बंदी नको, रबरी चेंडू नकोत. माझा उपाय सरळ मुंग्यांकडून उचललेला आहे.

वारुळांच्या युद्धात लढणाऱ्या सगळ्या बायका असतात, हे टीव्हीवरचा आवाज सोयीने विसरतो आणि "सिपाही आगे बढ़ता है" म्हणत राहतो. तो सिपाही नसून ताई असते. नर मुंगीला पंख असतात, आयुष्यात एकच काम असतं, आणि ते झालं की तो मरतो. लढाईला त्याला कुणी बोलावतही नाही. याहून मोठी गोष्ट अशी की सगळ्या वयाच्या बायकाही सीमेवर जात नाहीत. पानं शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांमध्ये तरुण जणी आत राहून पिल्लं सांभाळतात, आणि हद्दीवरच्या घरांत राहून पहिला वार झेलतात त्या म्हाताऱ्या. होल्डॉबलर आणि ई. ओ. विल्सन यांनी यावर बोट ठेवलं आहे : माणूस आपली तरणी पोरं लढाईला पाठवतो, या मुंग्या आपल्या आज्यांना. फ्रेंच गयानातल्या एका वाळवीने तर कमाल केली आहे. तिथल्या कामकरी वाळवीच्या पाठीवर वय वाढेल तसं निळं द्रव्य साठत जातं. जबडा झिजून काम होईनासं झालं की ती शत्रूवर चाल करून जाते आणि स्वतःला फोडून घेते. 2012 साली हे उजेडात आलं. मागचा हिशेब निर्दय आहे पण चोख आहे. जिचे दिवस थोडे उरलेत, ती गेली तर घराचं नुकसान थोडं.

तेव्हा पुढच्या पोळ्याच्या पाडव्याला नियम करा : जाम नदीत उतरायचं तर वय पासष्टच्या वर पाहिजे आणि नेसणं नऊवारी किंवा सहावारी. बाकी सगळं जसंच्या तसं राहू द्या. झाड रोवा, ढोल वाजवा, ड्रोन उडवा, कलेक्टरसाहेबांना खुर्ची द्या.

मला पुढचं सगळं दिसतं. सावरगावकडून आमची आत्या उतरेल. एका हातात छत्री, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर. नातवाला काठावरच थांबवलं जाईल, वय बसत नाही म्हणून. पांढुर्ण्याकडून तिच्याच वयाची कुणीतरी पदर खोचून येईल. दोघी झाडाशी समोरासमोर येतील. गोटा उचलायला वाकायचं म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न, त्यामुळे आधी जरा दम घेतला जाईल. आणि दम घेताना, मुंगी मिशा पुढे करते त्या जागी, आत्या तिचं ठेवणीतलं हत्यार काढेल :

"कोनाची वं तू?"

समोरची आडनाव सांगेल. आत्या माहेर विचारेल. माहेर मोहगावचं निघेल. "मोहगावची? मंग तू आमच्या वच्छीची नणंद लागतं!" काठावरून पोरं ओरडतील, फेका, फेका. दोघी हात वर करून त्यांना गप्प बसवतील, कारण आता महत्त्वाचं बोलणं सुरू झालेलं असेल : पांढुर्ण्यात एक नातू आहे, सरकारी नोकरीला लागला आहे, दारू पीत नाही; आणि सावरगावात एक नात आहे, बी.एड. झाली आहे, रंग निमगोरा. पळसाच्या झाडाला टेकून पत्रिकेची तारीख ठरेल. सूर्य कलेल, ड्रोनची बॅटरी संपेल, टाक्यांचा दोरा डॉक्टरांकडे तसाच उरेल.

ज्या गोष्टीवरून दगड सुरू झाले म्हणतात, ती पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी हीच होती. त्या दोघांना पहाटे पळून जावं लागलं, कारण नदीत उभं राहून "कोनाची वं तू?" विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं. या वेळी लग्न मुहूर्त काढून होईल. दोन्ही गावं जमतील, आहेर होतील, आणि वरातीत कुणाला फेटा मिळाला नाही, वरबापाला पाणी उशिरा विचारलं, यावरून जन्मभर पुरेल एवढं भांडण होईल. होऊ द्या. त्या भांडणात टाके घालावे लागत नाहीत.